रेडिओ की पॉडकास्ट: गोव्यात विज्ञान ऐकवायचे असेल तर

दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला हेडलँड सड्यावरचे ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, जुन्या गोव्यातील किनारी शेती संशोधन संस्था, मिरामारचे विज्ञान केंद्र. एवढ्याशा राज्यात विज्ञानाची इतकी ठाणी आहेत की विषयांची वाण कधीच पडत नाही. गाडी अडते ती माध्यम निवडताना. महाविद्यालयातील एखादा विभाग, शाळेचे विज्ञान मंडळ किंवा गावचे वाचनालय कामाला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आकाशवाणीकडे जायचे, की स्वतःचा पॉडकास्ट काढायचा?

बरेच जण हा प्रश्न वयावर सोडवतात. वडीलधाऱ्यांसाठी रेडिओ, तरुणांसाठी पॉडकास्ट. ही वाटणी फारशी कामाची नाही. त्याऐवजी दोन गोष्टी तपासा. विषय एकदाच ऐकून समजेल का? आणि ज्याला तो ऐकवायचा आहे तो माणूस स्वतःहून शोधत येईल का?

माकडतापाचे उदाहरण घ्या. सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि काजूच्या बागेत वा रानात काम करणाऱ्यांना धोका जास्त. सांगायच्या गोष्टी तीन-चारच: अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर अंग तपासून आंघोळ करा, माकड मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, अचानक ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगा. हे एकदा ऐकून पुरते. शिवाय काजू वेचणारा कामगार फोनवर ‘माकडताप’ शोधून वीस मिनिटांचा भाग ऐकत बसणार नाही. त्याच्या कानावर हे पडायला हवे ते बागेत सुरू असलेल्या रेडिओतून, काजूचा हंगाम सुरू होण्याआधी. इथे रेडिओच.

आता दुसरा विषय. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खोलातले थंड पाणी वर येते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर असतात आणि ऑक्सिजन कमी. पोषकद्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर तारले मासे पोसतात. पण तीच वाढ मरून कुजते तेव्हा तळाजवळचा उरलासुरला ऑक्सिजनही संपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मासळीला तिथून दूर सरकावे लागते. एकच घटना मासळीला पोसतेही आणि पळवूनही लावते. या साखळीतील एक कडी निसटली तर पुढचे काहीच हाती लागत नाही. श्रोत्याला थांबून मागे जाता आले पाहिजे. हा विषय पॉडकास्टचा.

दोन्ही निकष एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा आमचा कौल रेडिओला. सर्वसामान्य माणसापर्यंत पोचायचे हेच ध्येय असेल, तर पॉडकास्टची मर्यादा मान्य करावी लागते: त्याचे बटण दाबणाऱ्याला विषयात आधीच थोडी गोडी असते. रेडिओवर भजन आणि बाजारभाव यांच्या मधे विज्ञान ऐकू येते, आणि न शोधणाऱ्यालाही ते मिळते. हा लाभ फार मोठा आहे.

एकदाच ऐकले जाणारे लेखन

रेडिओची खरी मेहनत कागदावर असते. मराठीत सावकाश, समजेल असे बोलायचे तर मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द होतात. दहा मिनिटांच्या वार्तेत (म्हणजे रेडिओवरील छोट्या भाषणात) सुरुवातीची आणि शेवटची उद्घोषणा वजा केली तर साडेनऊ मिनिटे धरा, म्हणजे संहिता साडेनऊशे ते एक हजार शब्दांची. चौदाशे शब्द लिहून भरभर वाचणे ही नेहमीची चूक. त्यात पहिला बळी जातो तो नव्या संज्ञांचा.

वाक्य बारा-पंधरा शब्दांच्या आत ठेवा. आधी वस्तू दाखवा, मग तिचे नाव घ्या. श्रोता कधीही मधेच येतो, म्हणून दर दोन मिनिटांनी विषयाचे नाव पुन्हा उच्चारा. ‘हे’, ‘ते’, ‘वरील’ असली सर्वनामे कानाला दिशा दाखवत नाहीत. तिथे नाम वापरा. तज्ज्ञाच्या तोंडून ‘या आकृतीत दिसते’ हमखास निघते, ते संहितेतच पकडा.

आकड्यांना विशेष जपा. दहा मिनिटांत तीनच आकडे ठेवा. साठ आणि सात, सत्तर आणि सतरा, पंचवीस आणि पस्तीस खरखरीत सहज अदलाबदल होतात. ट्रॉलरच्या मासेमारीवरची बंदी ‘एकसष्ट दिवस’ सांगण्यापेक्षा ‘जून आणि जुलै, दोन्ही महिने पूर्ण’ असे सांगितले की ऐकणारा चुकत नाही.

वार्ता मध्यम लहरीवरूनही (मीडियम वेव्ह) जाणार आहे का, हे आधी विचारून घ्या. तिथे दोन केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ असते, म्हणून आवाजाच्या वाट्याला साधारण साडेचार किलोहर्ट्झच येतात. स, श, फ यांची धार त्याच्या वर असते, ती गळते. एफएम १५ किलोहर्ट्झपर्यंत स्वच्छ ऐकू येते, पण डोंगराच्या आड पोचत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या खोऱ्यांत एका वळणावर स्पष्ट तर पुढच्या वळणावर नुसती खरखर. मध्यम लहर डोंगराळ भागातही बऱ्यापैकी जाते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून तर फारच चांगली. पण घरातील एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर तिला त्रास देतात. फोनवर एफएम ऐकायचे तर वायरचा हेडफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. ज्या फोनला हेडफोनची खोबणच नाही त्यावर हा मार्ग बंद. आकाशवाणीची अनेक केंद्रे ऍपवरून थेटही ऐकता येतात, मात्र मग पुन्हा नेटवर्कचा प्रश्न आलाच.

आकाशवाणीचे नियोजन बरेच आधी होते. जानेवारीत प्रसारण हवे असेल तर पावसाळा सरता सरताच पणजीला कार्यक्रम विभागाकडे अर्ज द्या: विषय, दहा ओळींचा आराखडा, वक्त्याची ओळख आणि हा विषय त्याच महिन्यात का जायला हवा याचे एका वाक्यातले कारण. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि प्रस्ताव मागे पडतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मुलाखत किंवा फोन-इन मागावे. नुसती वार्ता वाचून रंगवणे सवयीशिवाय जमत नाही.

मालिका रेडिओला पेलत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान संचार परिषद आणि आकाशवाणी यांनी मानवाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची मालिका १८ भाषांतून ऐकवली होती. त्यामागे देशभराची यंत्रणा होती, हे लक्षात ठेवा. आपल्या पातळीवर चार ते सहा भाग पुरेत, आणि प्रत्येक भाग मागचा न ऐकलेल्यालाही कळला पाहिजे.

पॉडकास्टचा खर्च आवाजात आहे

पॉडकास्ट ऐकणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो, म्हणून खोलीतील प्रत्येक दोष त्याला ऐकू येतो. गोव्यात जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग जमतच नाही. कौलारू घरात मधली, गादी-कपाटांनी भरलेली खोली निवडा. पंखा आणि एसी बंद, फ्रीजचा प्लग काढून ठेवा, फोन विमान मोडवर. संध्याकाळी बेडूक आणि रातकिडे सुरू होतात. सकाळी दहानंतरची वेळ बरी.

कंडेन्सर माइक टाळा. तो खोलीचा सगळा आवाज टिपतो आणि इथल्या दमटपणात त्याची आवाज टिपणारी कॅप्सूल खराब होते. साधा डायनॅमिक माइक घ्या, तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, थोडा तिरका धरा. समोर धरला तर भ, फ, ध या महाप्राण अक्षरांची फुंकर थेट आत जाते. माइक वापरात नसताना हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल असू द्या; एका मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात. संपादनात ८० हर्ट्झखालची घरघर कापा. आवाजाची पातळी मोनोसाठी (एकाच वाहिनीच्या आवाजासाठी) उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप), शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मग मोनो एमपी३, ६४ केबीपीएस. वीस मिनिटांचा भाग जेमतेम साडेनऊ एमबीचा होतो. सांग्यातल्या कमकुवत नेटवर्कवरही तो उतरतो आणि व्हॉट्सॅपवर पाठवता येतो. निव्वळ बोलण्यासाठी स्टिरिओ १२८ हा अपव्यय आहे.

शास्त्रज्ञाची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घ्यायची असेल तर कॉलचे रेकॉर्डिंग वापरू नका, त्यात शब्द तुटतात. दोघांनी आपापल्या फोनवर स्वतःचा आवाज टिपावा, सुरुवातीला एकाने मोठ्याने टाळी वाजवावी आणि संपादनात ती टाळी जुळवावी. कॉलच्या विलंबामुळे दोन्ही आवाजांत थोडा फरक राहतो, तो कानाने सरकवून घ्या.

पॉडकास्टची खरी मौज आहे ती जागेच्या आवाजात. खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातील) मानशीचे, म्हणजे पाण्याच्या दाराचे, उदाहरण बघा: भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. दोन्ही वेळी दोन-दोन मिनिटांचे पाणी टिपा आणि निवेदन त्यावर बेता. वाऱ्यासाठी माइकवर लोकरी आवरण लागते, नाहीतर नुसता फडफडाट हाती येतो.

चूक सुधारणे आणि हक्क

विज्ञानात हा मुद्दा दुय्यम नाही. रेडिओवर गेलेले चुकीचे वाक्य परत घेता येत नाही. पुढच्या आठवड्यातली दुरुस्ती भलत्याच लोकांच्या कानी पडते. म्हणून आरोग्य किंवा औषधांविषयीची संहिता दुसऱ्या जाणकाराने वाचल्याशिवाय स्टुडिओत नेऊ नका. पॉडकास्टची फाइल बदलता येते, वर्णनात दुरुस्ती लिहिता येते. पण त्याचा जुना भाग वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि शिळी माहिती ताजी समजून ऐकली जाते. प्रत्येक भागाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात महिना आणि वर्ष बोला.

आकाशवाणीकडे गाण्यांचे परवाने असतात, तुमच्याकडे नसतात. म्हणून प्रसारित कार्यक्रम जसाच्या तसा पॉडकास्टवर टाकू नका, आणि करारपत्रात हक्क कोणाकडे आहेत ते सही करण्याआधी वाचा. संहिता एकच ठेवून आवाज घरी वेगळा टिपणे सर्वांत सुटसुटीत.

सामुदायिक रेडिओ हा तिसरा पर्याय आहे. २००६ च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती १०० वॉट आणि आवाका दहा-बारा किलोमीटरचा. पण परवाना, मनोरा आणि रोजचे कार्यक्रम हे सारे विज्ञानाच्या चार भागांसाठी उभे करणे परवडणारे नाही. जवळ असे केंद्र चालू असेल तर त्यांना तयार भाग द्या. आयता मजकूर त्यांना हवाच असतो.

एकट्याच्या बळावर सुरुवात करणाऱ्याने आधी रेडिओसाठी साडेनऊशे शब्दांच्या चार वार्ता लिहाव्यात आणि त्यांतली एक मोठ्याने वाचून, विषयाशी संबंध नसलेल्या तिघांना ऐकवावी. ऐकून झाल्यावर त्यांना ती आपल्या शब्दांत सांगायला लावा. तिघेही एकाच ठिकाणी अडखळले, तर तो भाग वार्तेतून काढून पॉडकास्टच्या यादीत टाका.