फोमचा कयाक कापायला गरम तार की करवत?

घरी फोमचा कयाक (वल्ह्याने चालणारी छोटी, अरुंद होडी) करायला निघालेल्या एका मित्राचं घोडं अवजारापाशी अडलंय. गरम तारेचा कटर जुळवावा, की करवत नि कानस पुरे?

खर्चात करवत सरळ जिंकते. बारीक दातांची हातकरवत, एक खरबरीत कानस आणि ठोकळ्याला गुंडाळलेला 80 नंबरचा पॉलिश पेपर, झालं. तारेसाठी नायक्रोम (वीज सोडली की तापणारी मिश्रधातूची तार), ती ताणून धरणारी धनुष्यासारखी चौकट आणि व्होल्टेज कमी-जास्त होणारा पॉवर सप्लाय लागतो.

सफाईत मात्र तारेला तोड नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायचे साचे ठोका, तार त्यांवरून सरकवा. बुडाचा बाक एकसारखा उतरतो. हात मध्येच थांबला की तिथे खळगा पडतो, घाई केली की तार मधोमध मागे रेंगाळते. पहिले दोन-तीन तुकडे वाया जाणारच, तेव्हा सराव भंगारावर करा. करवतीत ही भीती नाही, पण थर्माकोलचे मणी केसांत, कपड्यांत, चहातसुद्धा सापडतात.

तार चालते ती पॉलिस्टायरीनवर, म्हणजे थर्माकोल किंवा एक्सपीएसवर (त्याच जातीचा, पण मणी नसलेला घट्ट फोम), आणि तीही मोकळ्या हवेत. पॉलियुरेथेन या वेगळ्या जातीच्या फोमला ती लावूच नका, धूर विषारी असतो.

एकच कयाक, तोही फोमचे सपाट तक्ते चिकटवून करायचा असेल तर करवत घ्या. जाड ठोकळ्यातून बाकदार बूड काढायचंय, किंवा दुसरा कयाकही मनात आहे, तर तार. टोकं घासायला कानस दोघांनाही लागेलच.