अडीच हजारी रिळावर मोरी: एका हलक्या सेटची परीक्षा

निकाल आधीच सांगून टाकतो. शिमानो सिएना २५०० हे गळाने मासे धरायचं रीळ घ्या. त्याच्यासोबत मी जो सात फुटी रॉड घेतला तो घेऊ नका. लाइन ठीक आहे. हे मत बनवायला एका मोरीची, म्हणजे शार्कची, मदत झाली, म्हणून तिच्याबद्दलही लिहावं लागेल. नुसते बांगडे मारून या सेटबद्दल एवढं कळलं नसतं.

२५०० ही किंमत नव्हे, रिळाचा आकार. नदी-धरणावर आणि किनाऱ्यालगतच्या हलक्या कामाला लोक हाच आकार घेतात. सायकलवाल्यांना शिमानो गिअरमुळे माहीत असते. कंपनी तीच, जपानमधल्या साकाईची, १९२१ सालची. रॉड दोन तुकड्यांचा, ५ ते २० ग्रॅमच्या ल्युअरसाठीचा, म्हणजे नकली आमिषासाठीचा. तो वेगळ्या कंपनीचा आहे आणि तिचं नाव मी घेणार नाही. लाइन १० पौंडी ब्रेड, म्हणजे तंतू विणून केलेली, साधारण साडेचार किलोला तुटणारी. ब्रेडच्या खाली स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकरीवर, आधी थोडी मोनो (एकाच धाग्याची नायलॉनची लाइन) भरलेली आहे. ही मोनो भरून द्यायचा दुकानदारांना कंटाळा असतो, तरी हट्टाने भरून घ्या. गुळगुळीत स्पूलवर नुसती ब्रेड असली की ताण आल्यावर सगळा गठ्ठाच स्पूलभोवती फिरायला लागतो आणि आपण ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रिळातला ब्रेक, ढिला झाला समजून त्याचा नॉब आवळत बसतो.

पुढे २० पौंडी फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाइन आणि आमिष यांच्यामधला जाड तुकडा, ब्रेडला एफजी नावाच्या गाठीने जोडलेला, आणि टोकाला २० ग्रॅमची चंदेरी जिग, म्हणजे धातूचा नकली मासा. जिगसोबत येणारा तीन तोंडी गळ मी काढून टाकतो. शेपटीकडे एकच गळ लावतो आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो. मासा सोडवायला सोपं जातं, आणि हालत्या होडीत बोटात घुसलाच तर तिथल्या तिथे निघतो.

ठिकाण देवगड. तिथे एक तात्या आहेत, मासेमारी करणाऱ्या गाबित समाजातले, वय साठीच्या पुढे. त्यांची फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारचा वारा चढायच्या आत बंदरात यायचं, हा त्यांचा नेम. पैसे ते ठरतील तेवढेच घेतात, चहा घरून आणतात, आणि जागा दाखवताना हातचं राखत नाहीत. स्वतः मात्र हातात दोरी धरूनच गरवतात. माझ्या रॉडकडे ते शाळकरी पोराच्या पतंगाकडे बघावं तसं बघतात.

नोव्हेंबर होता. बारा वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी, खाली खडप, वर बांगड्यांचा थवा. जिग तळाला टेकवायची आणि दोन-तीन झटके देत वर आणायची, एवढंच चाललं होतं. अशाच एका खेपेला ती अर्ध्यावर जड झाली. झटका नाही, ओढ नाही, नुसती जड. खडपात अडकली म्हणावं तर तळ पाच-सहा वाव खाली. मग ते जडपण हळूच बाजूला सरकलं आणि चालायला लागलं.

सुरमई लागली की कळतं. पहिली धाव वेड्यासारखी असते, पाण्याच्या वरच्या अंगाने, आणि मग एकदम थांबते. हे थांबेना. वेग फार नव्हता, पण लाइन एका लयीत जात होती, खाली आणि बाहेर. मधेच रॉडच्या टोकाला तीन-चार जड हिसके बसायचे, डोकं झटकल्याचे. तात्यांनी स्वतःची दोरी गुंडाळायला घेतली आणि लाइन कुठल्या अंगाला चाललीय ते बघून म्हणाले, "मोरी आसा ती. ओढू नको मेल्या, जावंदे तिका. खय जातली?"

इथे रिळाची खरी परीक्षा झाली. खोक्यावर ड्रॅग ४ किलो असं छापलेलं आहे आणि दुकानात सगळे तेच वाचतात. साडेचार किलोच्या लाइनवर चार किलो ड्रॅग लावणार कोण? लाइनच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा, त्याच्या वर जायचं नाही. मी घरीच सामान तोलायच्या हातकाट्याला लाइन बांधून ती सव्वा किलोला सुटेल असा नॉब लावून ठेवतो. प्रश्न एवढाच, की ती दर वेळी सव्वा किलोलाच सुटते का. बऱ्याच स्वस्त रिळांचा ड्रॅग आधी चिकटतो, दोन किलोच्या पुढे जाऊन मोकळा होतो आणि मग एकदम ढिला पडतो. बांगड्यावर हे कळतही नाही. जड जनावराने डोकं झटकलं की लाइन तुटते ती त्या चिकटण्याच्या क्षणीच. सिएनाचा ड्रॅग पहिल्या इंचापासून सारखा सुटला. मोरी थांबली, पुन्हा निघाली, वळली, पुन्हा निघाली. दर वेळी लाइन तशीच गेली, अडखळत नाही की हिसकत नाही. बेअरिंगं किती यावर काउंटरवर वाद घालणाऱ्यांनी त्याऐवजी नॉब अर्धवट आवळून लाइन हाताने सावकाश ओढून बघावी. या पैशात दुसरं काही बघण्यासारखं नसतं.

लाइन खूप बाहेर गेली की माणसाला ड्रॅग आवळावासा वाटतो. नेमकं उलटं करायचं असतं. स्पूलवरचा गठ्ठा बारीक होत जातो तसा तोच ड्रॅग जास्त ताणाला सुटायला लागतो. गठ्ठ्याचा व्यास अर्ध्यावर आला तर ताण दुप्पट होतो. शिवाय पाण्यात पसरलेली लाइन स्वतःच ओढ धरते. ब्रेडच्या खालची पांढरी मोनो दिसायला लागली तेव्हा मी नॉब अर्धा फेरा सैल केला आणि तात्यांनी इंजिन चालू करून होडी मोरीच्या मागे घेतली. होडीतून मासेमारीचा हा फायदा. किनाऱ्यावरून हाच सेट असता तर स्पूल रिकामा होऊन गोष्ट तिथेच संपली असती. दुसरं म्हणजे, ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवायचं नाही. अशा रिळात त्याने मासा इंचभरही जवळ येत नाही, लाइनला पीळ मात्र बसतो.

आता रॉड. दिसायला देखणा, वजनाला हलका, २० ग्रॅमची जिग लांब जाते. वाकतोही छान, तक्रार तिथे नाहीच. तक्रार रिळाच्या बैठकीची आहे. रीळ ज्या चुडीने आवळतात ती ताणाखाली आपोआप सैल व्हायला लागली. पहिल्यांदा रीळ हातात डुगडुगलं तेव्हा मला वाटलं रिळाचा पायच मोडला. उजव्या अंगठ्याने चुडी दाबून धरायची, डाव्या हाताने हँडल फिरवायचं, आणि मोरी वळली की दोन्ही सोडून पुन्हा चुडी आवळायची. पुढची पंधरा-वीस मिनिटं हाच उद्योग. मूठही आखूड, मागचं टोक पोटात रुततं. घरी आल्यावर कंपनीला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की हा रॉड शार्कसाठी नाही. अहो, ते मलाही माहीत आहे! चुडी सैल होण्याचा आणि शार्कचा संबंध काय? चार किलोची सुरमई लागली असती तरी हेच झालं असतं.

मोरी वर आली तेव्हा आधी पाण्यात पिवळट करडी झाक दिसली, मग परांची काळी टोकं. सव्वातीन फुटांच्या आसपास असेल. बाजूच्या परांची, पाठीच्या परांची टोकं काळी, शेपटीजवळचा खालचा बारका पर मात्र पांढरा. त्यावरून ही ब्लॅकटिप शार्क, शास्त्रीय नाव कारकॅरायनस लिम्बाटस, असं माझं मत पक्कं आहे. आपल्या बाजारात टोपलीत दिसणारी मुशी वेगळी. ती स्कोलिओडॉन, जेमतेम अडीच फुटांची होते. ब्लॅकटिप मोठी होते, दोन मीटरच्याही पुढे जाते, म्हणजे हे पोरच म्हणायचं.

तारेचा लीडर नसताना ती तुटली कशी नाही, हे जबडा बघितल्यावर कळलं. तिने जिग शेपटीकडून धरली होती. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसला होता आणि जिगचं धातूचं अंग तोंडाबाहेर आडवं पडलं होतं, त्यामुळे दातांना लीडर मिळालाच नाही. जिग पूर्ण गिळली असती तर लीडर पहिल्या मिनिटात कापला गेला असता. तरी लीडरचा वरचा हातभर भाग पांढरट, तंतू निघालेला होता. तो तिच्या कातडीने घासलेला. मोरीच्या अंगावर खवले नसतात, दातांसारखे बारीक कण असतात, आणि त्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर साल निघते. माझ्या मनगटाची निघाली.

होडीत घेतलीच नाही. शेपूट धरून उचलली तर मोरी स्वतःभोवती वळून हाताला चावू शकते, आणि पाण्याबाहेर तिच्या पोटातल्या अवयवांना आधार नसतो. कडेलाच, डोकं पाण्यात ठेवून, लांब नाकाच्या पकडीने गळ फिरवला. उलटा काटा दाबलेला असल्यामुळे एका हिसक्यात निघाला. थोडा वेळ ती होडीच्या बाजूला तशीच राहिली, मग शेपूट मारून खाली गेली.

तात्यांचा चेहरा पडला. मोरीचं सुकं म्हणजे काय असतं हे मलाही ठाऊक आहे. "हातात इलेली मोरी सोडलंस. आता घराक जावन काय सांगतलंय मी?" त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर. ब्लॅकटिप धरायला बंदी आहे असंही नाही. पण या जातीची मादी साधारण दोन वर्षांतून एकदा विते, तेही चार ते सात पिल्लं. बांगड्याचा हिशेब तिला लागू होत नाही. तात्यांना मी त्या दिवसाचे बांगडे सगळे दिले. ते त्यांनी घेतले, समाधान झालं नाही.

या सेटने मुद्दाम मोरीच्या मागे जाऊ नका, हेही परीक्षणाचाच भाग म्हणून सांगतो. सव्वा किलोच्या ड्रॅगवर तिला आणायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात ती इतकी दमते की सोडल्यावर जगेलच याची खात्री नसते. माझी मोरी याहून फूटभर मोठी असती तर लाइन कापणं हाच शहाणपणा होता. शिवाय काय लागलंय ते पाण्यात असतानाच ओळखता आलं पाहिजे. २००१ सालापासून बहिरी (व्हेल शार्क), गंगा शार्क, करवत मासा अशा काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर यादी वाढली आहे. होडीत घेऊन फोटो काढून मग विचारायचं, असं चालत नाही.

लाइनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रंग एका मोसमात उडतो, हाताला लागतो. ताकद टिकली. पुढचे पंधरा-वीस हात कापून टाकले, बाकीची तीच वापरतोय. एफजी गाठ जशीच्या तशी होती.

रिळाची निगा मात्र घ्यावी लागते. या किमतीत पाणीबंद रीळ कुणी देत नाही. समुद्रावरून आल्यावर ते बादलीत बुडवायचं नाही आणि नळाच्या जोरदार धारेखालीही धरायचं नाही. आधी ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळायचा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या आतल्या चकत्यांत शिरत नाही, मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, मग कपड्याने पुसून सावलीत वाळवायचं. वाळलं की नॉब पूर्ण सैल करून ठेवायचा. आवळलेला ठेवला तर चकत्या दबून एकमेकींना चिकटतात, आणि पुढच्या खेपेला ड्रॅग आधी अडतो आणि मग हिसक्याने सुटतो.