खडकीचा शिक्का, पण काडतूस आधी वाजवलेलं

पीकसंरक्षणाच्या परवान्यावर .315 रायफल बाळगणाऱ्यांनी हे वाचाच. जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक दुकानातून मी काडतुसं घेतली, पावती घेतली, परवान्यावर नोंदही करून घेतली. तरी डबीत निघाला एकदा वाजवून पुन्हा भरलेला माल.

तूर शेंगांवर आली की रानडुकरं धुऱ्यावरून आत शिरतात. वनखात्याची परवानगी हातात होती. पहिल्याच काडतुसावर बोल्ट, म्हणजे रायफल मागून बंद करणारा दांडा, बंद होईना. दुसरं अलगद गेलं, वाजलं, आणि बोल्ट ओढला तर नुसतं बूड बाहेर आलं. पितळी नळी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीतच, अडकली! ती काढायला रायफल कारागिराकडे न्यावी लागली.

भानगड त्यानेच उलगडून सांगितली. गोळी सुटली की केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, फुगते आणि त्या चेंबरच्या मापाची होऊन बसते. पुन्हा भरायची तर साच्यात दाबून ती मापात आणतात. नुसती मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळली तर ती आपल्याच रायफलीत नीट बसते, दुसऱ्याच्या रायफलीत अडू शकते. माझं पहिलं काडतूस तसलं. अख्खी केस दाबली तर ती कुठेही जाते. पण खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, जास्त मागे ढकलला की बार उडताना पितळ ताणतं आणि बुडाच्या जरा वर आतून झिजत जातं. .315 चं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे बोल्ट लावताना यातलं काहीच जाणवत नाही. तुटलेल्या बुडाची कड त्याने दाखवली, कांद्याच्या सालीसारखी पातळ. रिकाम्या केसमध्ये वाकडी तार फिरवली की तिथली खाच हाताला लागते म्हणे. पण भरलेल्या काडतुसात तार घालणार कुठून?

म्हणून बाहेरूनच बघा. बुडावरच्या ‘केएफ’ शिक्क्यावर, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या खुणेवर, जाऊ नका. पितळ खडकीचंच असतं, म्हणून शिक्काही खराच असतो. माझ्या डबीत टोप्या (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या) कोऱ्या आणि पितळ मळकं होतं. कडेवर एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे, ओरखडे, अंगावर साच्याच्या उभ्या रेघा, एकाच्या मानेला केसाएवढी चीर.

दुकानदार म्हणाला, “फॅक्टरीचाच माल हाये भाऊ, तुमची रायफलच जुनी झाली.”

परवान्याशिवाय काडतुसं बनवायला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 ने मनाई आहे. उरलेली काडतुसं मी पोलीस ठाण्यात जमा केली, ग्राहक आयोगातही तक्रार दिली. आता दुकानदार पैसे परत देतो म्हणतो, फक्त मूळ पावती मागतो. कुणावर अशी वेळ आलीच तर झेरॉक्स द्या.