पत्र्याची ट्रंक की फणसाचा पेटारा?

माळ्यावरचं जुनं सामान रंगवून हॉलमध्ये मांडायचंय तर कोकणात आधी हवेचं बघा. ट्रंक हलकी, वाळवीचं टेन्शन नाही, पण खारा वारा तिला सोडत नाही, पॉलिश पेपरने गंज घासून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) मारल्याशिवाय वर कितीही भारी ऑइल पेंट द्या, पावसाळ्यात कडीजवळ आणि तळाच्या कोपऱ्यांत फुगे येणारच.

पेटारा जड, एकट्याने हलत नाही, पण झाकणावर सावंतवाडीच्या गंजिफासारखी, म्हणजे तिथल्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांसारखी, वेलबुट्टी काढली की टीव्हीखाली काय दिसतो! आख्खा रंगवू नका मात्र, फणसाचं लाकूड झाकणं म्हणजे पापच. खाली विटा द्या, भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी तिथूनच चढते.

मी तरी पेटाराच घेईन. ट्रंक पोरांच्या खेळण्यांना बरी.