जुनी विलायती रायफल म्हणून माझ्या माथी मारलेले हत्यार

परवाना हातात पडला आहे, शस्त्र खरेदीची मुदत संपत आली आहे आणि कोणीतरी "जुन्या घराण्यातली विलायती रायफल" दाखवतो आहे, अशा स्थितीत असलेल्या शेतकरी बांधवांनी पैसे देण्यापूर्वी हे वाचावे. माझे 2,55,500 रुपये यात गेले. त्यांपैकी 25,000 रुपये इसार म्हणून फोनवरून दिले, 1,60,000 रुपये एनईएफटीने विक्रेत्याच्या खात्यात भरले, 50,000 रुपये मध्यस्थाच्या हातात रोख ठेवले, 18,500 रुपये दुर्बीण व तिच्या माउंटला लागले आणि शेवटचे 2,000 रुपये ज्या कारागिराने खरे काय ते सांगितले त्याला दिले. या सगळ्यात सत्कारणी लागले ते एवढे 2,000 रुपयेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल आणि रावेरच्या पट्ट्यात, रानडुकरांनी केळीची आणि मक्याची काय दशा केली आहे हे इथल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावर गोळी झाडायची तर कलम 11 खाली वनअधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती परवानगी मिळाल्यावर जनावर एका गोळीत पडले पाहिजे, कारण जखमी डुक्कर केळीच्या बागेत शिरले तर सकाळी घड कापायला जाणाऱ्या मजुरांच्या जिवावर बेतते. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. तिच्या आवाजाने डुकरे पळत, पण तिचा नेम भरवशाचा नव्हता. म्हणूनच मला नेमाची पक्की बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट नावाची खिट्टी हाताने मागेपुढे सरकवायची रायफल, हवी होती, आणि ती हौस नव्हती.

मी अज्ञानात खरेदी केली असे कोणी म्हणू नये. .303 हा लष्करी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) असल्याने तो सामान्य परवानाधारकाला मिळत नाही आणि खासगी वापरासाठी .315 चालते, हे मला ठाऊक होते. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदुकीची आयात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती रायफलींना जास्त भाव येतो, हेही माहीत होते. मध्यस्थाने नेमके हेच ओळखले. रायफल बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची आहे, 1936 सालची आहे, स्वातंत्र्याच्या आधीपासून माळव्यातल्या एका जमीनदाराच्या घरी होती आणि क्वचितच झाडली गेली आहे, असे त्याने सांगितले. सोबत नेमबाजीच्या निशाणाचे एक कार्ड दाखवले, ज्यावर तीन भोके एकमेकांना चिकटलेली होती. ते कार्ड याच रायफलीचे आहे याला त्याच्या शब्दापलीकडे कोणताही पुरावा नव्हता. कार्ड कोणीही दाखवावे, आपण ते बाजूला सारावे.

आता त्या प्रसंगाबद्दल लिहितो, कारण रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. विक्रेता परवानाधारक होता, दुकान भर बाजारात होते, भिंतीवर परवाना टांगलेला होता. रायफल माझ्या हातात देण्याआधी दुकानातला मुलगा बराच वेळ नळीत तेलाचा बोळा फिरवत होता. मी मोबाइलचा दिवा लावून आत पाहिले तेव्हा नळी आरशासारखी चकाकली, आणि ते पाहून मी सुखावलो. तेल आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, भरून काढते आणि झिजलेली नळीही नवी भासवते. नळी कोरड्या चिंधीने स्वतः पुसावी आणि मगच बघावे. त्यानंतर मी बोल्ट बाहेर काढला. बोल्टच्या मुठीमागे जो क्रमांक असतो, तो रिसीव्हरवरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या भागावरच्या, क्रमांकाशी जुळत होता, परंतु त्याखालचा पृष्ठभाग कानस मारल्यासारखा सपाट होता, आणि बोल्टवरचा 7 हा रिसीव्हरवरच्या 7 पेक्षा वेगळ्या वळणाचा व ताज्या ठोक्याचा होता. मी ते पाहिले, बोट ठेवून विचारलेही. विक्रेता म्हणाला, "भाऊसाहेब, बोल्ट मागे कधीतरी बदलला असेल, म्हणजे तो उलट कमी वापरलेलाच म्हणायचा." त्या क्षणी उठून बाहेर यायला हवे होते. मी उठलो नाही, कारण मुदत डोक्यावर होती, मका उभा होता आणि सरकारी परवाना असलेला माणूस क्रमांक ठोकून हत्यार विकेल असे कोणत्याही सरळ माणसाच्या मनात येत नाही.

दुसरी खूण तर नळीवरच होती. मुकुट आणि त्याखाली बी.एन.पी. ही अक्षरे बर्मिंगहॅमच्या तपासणीची म्हणून त्याने अभिमानाने दाखवली. ती अक्षरे बर्मिंगहॅमला 1954 पासूनची आहेत, त्याआधी मुकुटाखाली एन.पी. असे. 1936 साली बनून स्वातंत्र्यापूर्वीच माळव्यात आलेल्या रायफलीवर 1954 नंतरचा शिक्का आला कुठून, हा प्रश्न मला खूप उशिरा कळला.

बिलावर "रायफल .315, जुनी" एवढेच आणि पुढे क्रमांक लिहिला होता. कंपनीचे नाव नाही, साल नाही, रक्कमही 1,85,000. रोख 50,000 चा कुठे उल्लेखच नाही. तोंडी सांगितलेला प्रत्येक शब्द बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार आला तर पैसे काढूच नका.

मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रावर शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे एकेक गोळी जपून वापरावी लागते. पाच भोकांत 31 सेंटिमीटरचे अंतर पडले. त्याहून वाईट म्हणजे दोन भोके गोल नव्हती. गोळी आडवी होऊन पुठ्ठ्यात घुसल्याने ती लांबट फाटली होती. नळीतले आटे झिजले की गोळीला फिरकी मिळत नाही आणि ती हवेत कोलांट्या घेते, दुर्बीण कितीही भारी लावली तरी. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलून पाहिल्या तेव्हा बुडाच्या थोडे वर, सगळीकडून, एक चकचकीत कडे उमटलेले दिसले. कारागिराने ते पाहताच रायफल बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काका, ही परत झाडू नका." परका बोल्ट बसवल्याने काडतुसामागे जागा वाढली होती, पुंगळी त्या कड्यापाशी ताणली जात होती आणि ती तिथे तुटली असती तर तापलेला वायू माझ्या तोंडावर आला असता. ली पद्धतीच्या, म्हणजे या .315 सारख्या, रायफलीत बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसवावा लागतो, म्हणून क्रमांक जुळण्याला एवढे महत्त्व. त्याने पुढचे लाकूड उतरवले, तर नळीच्या खालच्या बाजूला आर.एफ.आय., म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची अक्षरे होती. वर जी नावे होती ती घासून नव्याने कोरलेली. ईशापूरची .315 वाईट रायफल नाही. चांगल्या नळीची आणि तिच्या मूळ बोल्टची असती, तर योग्य भावात मी ती आनंदाने घेतली असती.

यापुढचा छळ सरकारी आहे. पोलीस ठाण्यात फौजदार म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगाकडे जा. मी क्रमांक खोडल्याचे दाखवले, तेव्हा स्वर बदलला. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 नुसार ओळखचिन्ह खोडलेले हत्यार ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच ते खोडले असे गृहीत धरतात, आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असते. म्हणजे लुबाडला गेलेला मी, आणि संशयितही मीच. रायफल तिथेच जमा झाली, पावतीवर "जुनी .315" एवढेच लिहिले, आणि खाडाखोडीचा उल्लेख करा म्हणून मला हात जोडावे लागले. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शाखेने सांगितले की आमच्याकडे फक्त क्रमांक नोंदवला जातो आणि तो जुळतो आहे. परंतु जुळवून ठोकलेला क्रमांक जुळणारच, हे त्यांना कोणी समजावायचे? विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून तिकडच्या ठाण्याने इकडे पाठवले आणि इकडच्याने तिकडे. नोंदणी करताना परवाना शाखेतल्या कोणी एकाने बोल्ट बाहेर काढून पाहिला असता, तर हे हत्यार बाजारात फिरले नसते. शेतकऱ्याच्या कागदात एक शिक्का कमी असला की फाइल परत येते, आणि विक्रेत्याच्या खोट्या शिक्क्याकडे बघायला मात्र कोणाला वेळ नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, तेव्हा पोलिसांच्या आश्वासनावर वेळ घालवू नका. कारागिराचा लेखी अहवाल आणि फोटो रायफल जमा करण्याच्या आधीच काढून ठेवा. नंतर हातात काही राहत नाही. रोख रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला दारातच नाही म्हणा. परवानाधारकाकडून थेट घेत असाल, तर त्याने जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटले आहेत का, ते कागदावर पाहा. मुदत संपत असेल तर मुदतवाढीचा अर्ज करा, घाईत खरेदी करू नका.

माझा मध्यस्थ चोपडा आणि शहादा भागात अजून फिरतो आहे आणि त्याच्याकडे आणखी एक "विलायती" आहे असे कानावर आले आहे. त्याच्यामार्फत ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी पुढची गोळी झाडण्यापूर्वी जुन्या पुंगळ्यांवर ते चकचकीत कडे आहे का ते पाहावे. कडे दिसले तर रायफल कुलपात ठेवावी, आधी कारागिराला दाखवावी, आणि बिल व पैसे दिल्याचे सगळे पुरावे घेऊन मला भेटावे. आयोगापुढे एकट्याच्या तक्रारीपेक्षा चौघांची तक्रार जड जाईल.