हर्णै-आंजर्ले की मालवण-देवबाग? लँडस्केपच्या सुट्टीसाठी किनारा निवडताना

पावसाळा ओसरला की चित्रकलेच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. चार-पाच दिवस समुद्रकाठी मुक्काम, रोज दोन वेळा जागेवर बसून लँडस्केप, रात्री चित्रांवर चर्चा, जेवणात ताजे मासे. जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा सूर्यास्ताचा असतो, आणि शिबिरात सगळ्यांत फसतं तेही सूर्यास्ताचंच चित्र. केशरी आकाश, काळी होडी, दोन काळे माड. एवढ्यासाठी रात्रभराचा प्रवास करायची गरज नाही, घरी फोटोवरूनही ते जमतं.

म्हणून किनारा किती देखणा आहे हा प्रश्न मी शेवटी विचारेन. आधी पाहायचं ते असं, की बसायला सावली कुठे आहे, ऊन कुठल्या बाजूने येतं, आणि मुक्कामापासून पायी जाऊन किती वेगवेगळे विषय मिळतात. या तीन गोष्टींवर दापोली तालुक्यातलं हर्णै-आंजर्ले आणि सिंधुदुर्गातलं मालवण-देवबाग ही दोन ठिकाणं शेजारी ठेवली, तर ती किती वेगळी आहेत ते लगेच कळतं.

कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणजे समुद्र, होड्या, किल्ल्याची तटबंदी सगळं समोरून उजळलेलं. रंग खरे दिसतात, पण सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि चित्र सपाट व्हायचा धोका असतो. दुपारी चारनंतर सूर्य समोर येतो. रंग विरतात, आकार उरतात, ओली वाळू चकाकायला लागते. मधली अकरा ते साडेतीनची वेळ कुठल्याच किनाऱ्यावर कामाची नाही. ती जेवण आणि झोपेसाठीच आहे असं समजावं.

हर्णै-आंजर्ले

हर्णैची खरी ताकद ती चारनंतरची वेळ. बंदरावर मासळीचा लिलाव भरतो, किनाऱ्याशी होड्यांची दाटी होते, टोपल्या, बर्फ, क्रेट, जाळी, कावळे, गलका. पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या हे इथलं जुनं, प्रसिद्ध दृश्य. सूर्य समोर असल्याने माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. डोक्यावरची टोपली, कमरेवरचा हात, वाकलेली पाठ, पायाखालच्या ओल्या वाळूतलं प्रतिबिंब, एवढंच उरतं. तीन फटकाऱ्यांत माणूस उभा करायची सवय असलेल्याला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सापडणं कठीण.

पण हीच जागा नवख्याला हैराण करते. समोरचं काहीच स्थिर नाही. होडीचा आकार नीट काढावा तर ती वळते, बाई काढावी तर ती उठून जाते. सावली जवळपास नाही. वास आहे, आणि तो कागदालाही लागतो. बघे भरपूर आणि चौकस. आपली होडी चित्रात आली आहे का, तिच्यावरचा नंबर बरोबर आहे का, हे ज्याची होडी तो स्वतः येऊन तपासणार. मला हे आवडतं, पण मागे कुणी उभं राहिलं की ज्यांचा हात आखडतो त्यांनी विचार करावा. पहिल्या संध्याकाळी इथे रंगपेटी उघडूच नये; वही आणि जाड पेन्सिल घेऊन नुसती स्केचेस करावीत. आणि माणसांच्या अगदी जवळ बसून काढायचं असेल तर आधी विचारावं. कामाच्या गर्दीत आपण पाहुणे असतो.

सकाळी हर्णै निराळं असतं. रस्त्यालगतच्या गोवा किल्ल्याच्या तटावरून समोरच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग ऊन खात बसलेला दिसतो. कनकदुर्गावर दीपगृह आहे, आणि फत्तेगडावर तर किल्ला कमी, कोळ्यांची वस्तीच जास्त. सुवर्णदुर्ग चित्राला मात्र फसवा. पाण्यावर बसलेली बुटकी, लांबलचक आडवी पट्टी. क्षितिजही आडवं, किनाराही आडवा. पुढ्यात एखादी होडी, डोलकाठी किंवा तटाचा कोपरा घेतल्याशिवाय रचना उभीच राहत नाही. शिकवणारा हे पहिल्याच दिवशी सांगत नसेल तर शिबिराची निवड चुकली.

पाजपंढरीतली कोळ्यांची दाटीवाटीची रंगीत घरं, पुढे आंजर्ल्याची खाडी, कांदळवन, पूल, कौलारू घरं, जांभ्याचे गडगे, सुपारीच्या वाडीतल्या कवडशांनी भरलेल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा: आंजर्ले म्हणजे हर्णैवरचा उतारा. कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून खाली किनारा, माडांची रांग आणि दूरवर सुवर्णदुर्ग दिसतो. वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही हा विषय मिळतो. अडचण इतकीच, की हर्णै आणि आंजर्ले यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे. आयोजकांची गाडी वेळेवर निघाली नाही, पंचवीस जणांचा चहा लांबला, की सकाळचा उत्तम प्रकाश रस्त्यातच संपतो. मुक्काम कुठे आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. माझं मत आंजर्ल्याच्या बाजूने. हर्णैला संध्याकाळी जाता येतं, पण पहाटे उठून पायी गाठावी अशी जागा आंजर्ल्यातच आहे.

मालवण-देवबाग

देवबाग ही जमिनीची अरुंद चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड आणि घरं. लँडस्केप करणाऱ्याला याचा जो फायदा होतो तो जाहिरातीत कुणी लिहीत नाही. सकाळी माडांची सावली पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या वाळूवर पडते. सावलीत बसून समोरचं उजळलेलं पाणी रंगवायचं. दुपार कलली की सावली पूर्वेला, खाडीकाठी सरकते. तेव्हा पलीकडे जाऊन बसलं की समोरचा काठ, तिथली झाडी, होड्या मावळतीच्या पिवळ्या उन्हात न्हालेल्या दिसतात आणि सूर्य डोळ्यांत येत नाही. म्हणजे किनाऱ्यावर राहूनही संध्याकाळी समोरून उजळलेला विषय मिळतो. हर्णैला हे जमत नाही. आणि समुद्रावरून खाडीवर जायला गाडी लागत नाही, चटया उचलायच्या आणि चालायचं. (नारळाच्या बरोबर खाली मात्र बसू नये. हे गमतीने लिहीत नाही.)

खाडीचं पाणी शांत असतं, प्रतिबिंब स्थिर असतं, होडी दोरीला बांधलेली असते. जलरंग नुकते हाती घेतलेल्याला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, घालायला, तो सुकेपर्यंत थांबायला, पुन्हा बघायला वेळ मिळतो. पहिलंच शिबिर असेल तर मी डोळे मिटून देवबाग सांगेन.

मालवणात विषय आणखी आहेत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किनाऱ्यावरून रंगवावा. होडीने आत जरूर जावं, पण ते बघायला. सर्जेकोटला मासेमारीच्या होड्या मिळतात, चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर दोर ओढणाऱ्या माणसांची तिरकी रांग मिळते. अशी तयार रचना देणारे विषय थोडेच असतात. बाजारातल्या जुन्या घरांचे उतरते छप्पर आणि पडव्या आहेतच.

देवबागचा दोष त्याच्या गुणातच आहे. सगळं गोड आहे. माड, पाणी, होडी. होडी, पाणी, माड. तिसऱ्या दिवशी रात्री चित्रं मांडली की कुणाचं कुठलं ते ओळखू येत नाही. त्यात माड हा कठीण विषय. नवख्याचा माड हमखास उलट्या केरसुणीसारखा होतो, आणि अशा दहा केरसुण्या एका रांगेत आल्या की चित्र गेलंच. चांगला शिक्षक दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मालवणच्या गल्लीत किंवा सर्जेकोटला घेऊन जातो. वेळापत्रकात चारही दिवस नुसतं देवबाग-तारकर्ली असेल तर ते शिबिर मला आळशी वाटतं. दुसरा दोष वॉटर स्पोर्ट्सचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लागून सुट्ट्या आल्या की खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ इतक्या मोटारबोटी फिरतात की स्थिर प्रतिबिंब विसरावं.

भरती-ओहोटीचं गणित

हे कुठल्याच जाहिरातीत नसतं, आणि तारखा ठरवताना सर्वांत उपयोगी हेच. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी ओहोटी असते, म्हणजे नेमक्या आपल्या दोन सत्रांच्या वेळी ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी वरपर्यंत.

हर्णैच्या संध्याकाळच्या चित्राला तो ओला पट्टा हवाच, म्हणून तिथलं शिबिर पौर्णिमा किंवा अमावस्या धरून असेल तर उत्तम. मुंबईकडून दक्षिणेला जाताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, त्यामुळे मालवणात तिथीने तितकं अडत नाही. खाडीकाठी तर भरती भरलेली असणंच बरं दिसतं. एकच चित्र दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचं असेल तर घड्याळाची वेळ तीच धरावी, कारण प्रकाश तोच हवा. पाण्याची रेषा पहिल्याच दिवशी पेन्सिलीने पक्की करून ठेवावी.

रंग, कागद, हवा

जांभ्याची लाली दोन्हीकडे आहे. बर्न्ट सिएना आणि लाइट रेड जास्त न्या. मालवणकडची वाळू फिकी, उन्हात जवळजवळ पांढरी दिसते, तिथे कागदच मोकळा सोडायचा असतो. हर्णैची वाळू गडद, ओली झाल्यावर तर शिशासारखी करडी, त्यामुळे टोनचा, म्हणजे रंगाच्या फिक्या-गडदपणाचा, अभ्यास तिथे जास्त होतो. कागद ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) हलका नको. थंडीत सकाळी दमटपणामुळे पहिला वॉश सुकतच नाही, आणि दहा वाजता ऊन लागलं की कुंचला पाण्यात बुडवून परत येईपर्यंत सुकून गेलेला असतो. वेट-ऑन-वेट, म्हणजे ओल्या रंगावरच दुसरा रंग सोडायचा असेल तर ते पहाटेच. या किनाऱ्याचे रंग कमीत कमी वॉशमध्ये कसे बसतात ते पाहायचं असेल तर निघण्यापूर्वी चित्रकार प्र. अ. धोंड यांची समुद्रचित्रं कुठे पाहायला मिळाली तर पाहून घ्या. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे जलरंगही. तासभर ती बघितली की सामानातले निम्मे रंग आपोआप घरी राहतात.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये सड्यावरचं (जांभ्याच्या पठारावरचं) गवत सोनेरी व्हायला लागतं, आकाशात ढग असतात, चित्राला ते फार छान, पण उकाडा सोसायची तयारी हवी. मार्चनंतर क्षितिज धुरकट होतं.

शिबिर निवडताना

एका शिक्षकामागे पंधराहून जास्त माणसं असतील तर ती सहल आहे. दिवसाला एक प्रात्यक्षिक पुरे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा डेमो ठेवला तर सगळा चांगला प्रकाश शिक्षकाच्या चित्रात जातो आणि आपल्या वाट्याला ऊन येतं. रात्रीची चर्चा वैयक्तिक होते की सगळ्यांना ‘छान, छान’ म्हणून उरकतात, हे आधी जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. फीमध्ये स्थानिक प्रवास धरला आहे का, हा प्रश्न हर्णैसाठी महत्त्वाचा, देवबागसाठी फारसा नाही.

चित्र न काढणारं माणूस सोबत येणार असेल तर मालवण. किल्ला, बाजार, मासे, स्नॉर्केलिंग यात त्याचे दिवस निघून जातात. आंजर्ल्यात ते दुसऱ्या दिवशी कंटाळेल, वाचायला पुस्तक असेल तर तिसऱ्या. उलट शाकाहारी माणसाची घरगुती सोय आंजर्ल्याकडे जास्त आपुलकीने होते.

शनिवार-रविवारच हाताशी असलेल्या मुंबईकराने या दोन्हींचा नाद सोडून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून रेवदंडा-कोर्लई गाठावं; पोर्तुगीज तटबंदी, कुंडलिका नदीचं मुख आणि कोळीवाडा दोन दिवसांना पुरतो. पणजीचं फोंताइन्हास सुंदर आहे, पण ते गल्लीबोळ आणि घरांच्या चित्रांसाठी. समुद्र हवा असेल तर त्याचा इथे विचार नको.

प्रवासाचं थोडं. देवबागला कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं लगेच भरतं, त्यामुळे शिबिराच्या तारखा त्याहून उशिरा जाहीर करणाऱ्यांवर विसंबू नये. हर्णैला रेल्वेने जायचं तर खेडला उतरून दापोलीमार्गे रस्ता, म्हणून बहुतेक जण स्वतःच्या गाडीनेच जातात. तैलरंग करणाऱ्यांची निवड इथे बरीचशी आपोआप होते: रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ज्वालाग्राही, रेल्वेत नेता येत नाही. गाडीने हर्णैला गेलात तर ते डिकीत जाऊ शकतं. तरी ओला कॅनव्हास वाऱ्याच्या दिशेला पाठ करून ठेवा, नाहीतर समुद्राच्या रंगात खरी वाळू मिसळते आणि ती निघत नाही.