जीबीएस-८२०० : आला तसा वापरला तर पाचपैकी दोन, डोकं बदललं तर साडेचार

ज्यांच्याकडे कॉइन टाकून खेळायचा जुना गेमचा खोका आहे आणि त्याची पिक्चर ट्यूब गेलीये, हे त्यांच्यासाठी. जीबीएस-८२०० म्हणजे जुन्या गेमचं चित्र कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर आणणारा छोटा बोर्ड. ट्यूब जिवंत असेल, नुसतं चित्र हलतंय किंवा फिकट पडलंय एवढंच असेल तर हा बोर्ड घेऊच नका, आधी एखादा जुना टीव्ही रिपेअरवाला शोधा आणि चेसिसचे (ट्यूब चालवणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर बदलून घ्या, ट्यूबची मजा एलसीडीला कधीच येत नाही. आणि स्वतः ट्यूबवरच्या त्या रबरी टोपीला हात लावायला जाऊ नका, वीस-पंचवीस हजार व्होल्टचं काम आहे, बंद केल्यावरही चार्ज आत बसून राहतो.

माझ्या खोक्याच्या ट्यूबची मानच मोडली होती. मामाचं साताऱ्याला गेमचं पार्लर होतं, ते बंद होऊन जमाना झाला, त्यातला शेवटचा खोका गोठ्यात कडब्याशेजारी उभा होता. एक दिवस फोन आला, "भंगारवाला दारात उभाय, पाचशे म्हणतोय, तुला पाहिजे असेल तर आत्ता सांग." मी हो म्हणालो, टेम्पो केला आणि खंबाटकी उतरताना कुठेतरी ट्यूब गेली. चूक माझी, काढून गादीत गुंडाळून आणायला पाहिजे होती. आतला बोर्ड मात्र ठणठणीत. कॅपकॉमच्या १९९३ च्या कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्सची कॉपी, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं 'मुस्तफा' म्हणायचो तो.

आता कोणीतरी म्हणणारच, रास्पबेरी पाय (चिमुकला कॉम्प्युटर) टाक की, हजार गेम येतात. येतात ना. मला मामाचाच बोर्ड चालवायचा होता, विषय संपला.

अडचण अशी की हे बोर्ड १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा हजार ओळींचा, सिग्नल काढतात आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर साधारण ३१ च्या खालचं काही ओळखतच नाही. मधे दुभाष्या पाहिजे, तो म्हणजे हा जीबीएस-८२००. एका बाजूने आर्केडचा, म्हणजे खोक्यातल्या गेमच्या बोर्डाचा, आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) घ्यायचा, दुसऱ्या बाजूने मॉनिटरला चालणारा व्हीजीए द्यायचा. मी ऑनलाइन मागवला, सगळं धरून अडीच हजाराच्या आसपास पडला, पाकिटात बोर्ड आणि दोन-तीन वायरी, अडॅप्टर नाही, कागदाचा चिटोरा नाही. पहिला पीस आला त्याचा एक पॉट (फिरवून सिग्नल कमी-जास्त करायचा तुकडा) तुटलेला होता, विक्रेत्याला फोटो पाठवून पाठवून दमलो, बदलून मिळायला तीन आठवडे गेले. तर आल्या आल्या बघून घ्या, लाल-हिरव्या-निळ्याचे तीन छोटे पॉट असतात, तिन्ही जागेवर आहेत का ते.

जोडणी सोपी आहे. जामा हार्नेसचे, म्हणजे गेमच्या बोर्डाला लागणाऱ्या ठरलेल्या कनेक्टरचे, ५६ पिन असतात, एका बाजूला २८. लाल १२ वर, निळा १३ वर, व्हिडिओ ग्राउंड १४ वर, आणि पाठीमागच्या बाजूने हिरवा एन वर, सिंक पी वर. पाच तारा झाल्या. पाच व्होल्ट मी खोक्याच्याच एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) घेतले. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, आर्केड बोर्डाचा रंगाचा सिग्नल तगडा असतो, तीन व्होल्ट, कधी त्याच्याही वर, आणि व्हीजीएच्या हिशोबाने ०.७ व्होल्ट म्हणजे फुल्ल. सरळ जोडलं की सगळं पांढरंफटक, मुस्तफाची पिवळी टोपी आणि मागची भिंत एकच. ते तीन पॉट त्यासाठीच आहेत, आधी पूर्ण खाली आणा आणि मग हळूहळू वर. सिंकच्या तारेत मी ४७० ओहमचा रेझिस्टर टाकला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात असले रेझिस्टर सुटे द्यायला काका कुरकुर करतात, दहा घ्यावे लागतात, घ्या, लागतातच.

चालू केला, चित्र आलं, मी उड्या मारल्या. मग खेळायला लागलो.

इथे खरी बोंब आहे. हे जुने गेम २४० ओळींच्या घरातले, या गेमच्या तर २२४ च, एकामागून एक पूर्ण फ्रेम. फॅक्टरीचा प्रोग्रॅम मात्र त्याला टीव्हीसारखं आड-एक ओळींचं चित्र समजतो आणि दोन-दोन फ्रेम एकमेकांत मिसळायला बसतो. त्यामुळे काहीही जोरात हललं की कडांना कंगव्यासारखे दात फुटतात, गाडी आली की ती गाडी कमी आणि झाडू जास्त वाटते. वर उशीर. बटण दाबलं की उडी किंचित मागून येते, सांगून कळणार नाही पण लहानपणी या गेमवर रुपया-रुपया घालवलेल्या हाताला बरोब्बर कळतं. भाच्याने पहिल्या राउंडलाच विचारलं, "मामा, हा हँग होतोय का?" दोन स्टार इथेच ठरले.

पण गंमत म्हणजे बोर्डावरची चिप चांगली आहे, टीव्ही ५७२५ नाव तिचं, तिला चालवणारं डोकं मठ्ठ आहे. म्हणून हौशी लोकांनी नवीन डोकं लिहिलं, जीबीएस-कंट्रोल, फुकट आणि ओपन सोर्स. ईएसपी८२६६ या वायफायवाल्या चिपचा कुठलाही छोटा बोर्ड घ्या, मी वेमॉस डी१ मिनी घेतला, कॉम्प्युटरवरच्या आर्डुइनो आयडीई सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम भरा, घड्याळाची आणि डेटाची तार जोडा, आणि डीबगची एक तार चिपजवळच्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यावर सोल्डर करा. ही शेवटची तार म्हणजे घाम काढणारं काम आहे, बारीक टिप आणि फ्लक्स नसेल तर हात घालू नका, मी बायकोकडून भिंग मागून घेतलं. आणि बोर्डावरच्या पी८ या पिनांवर जंपर (दोन पिन जोडणारी छोटी टोपी) लावायला विसरू नका, त्याने जुना कंट्रोलर गप्प बसतो. मी विसरलो होतो, दोन्ही कंट्रोलर एकाच चिपला हुकूम सोडत होते आणि चित्र दर पाच सेकंदांनी बदलत होतं, एक अख्खा रविवार मी सोल्डरिंगला शिव्या देत बसलो.

त्यानंतर मात्र काय सांगू. बोर्ड स्वतःचं वायफाय सोडतो, मोबाइलवर पान उघडतं, त्यावर रिझोल्यूशन निवडा, चित्र डावी-उजवीकडे सरकवा, स्कॅनलाइन (ट्यूबसारख्या काळ्या आडव्या रेषा) पाहिजे तर लावा. कंगवा गायब. उशीर मला तरी जाणवत नाही, भाच्यालाही नाही, त्याची तक्रार आता जॉयस्टिकबद्दल आहे. सोबत एसआय५३५१ चं (ठोके देणाऱ्या घड्याळ-चिपचं) छोटं मॉड्यूल लावाच, काही शे रुपयांचं आहे, त्याने मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी तंतोतंत जुळतो आणि बॅकग्राउंड सरकताना मधूनच बसणारा तो धक्का जातो. तो धक्का मला चार दिवस दिसत होता आणि घरात बाकी कोणालाच दिसत नव्हता.

मॉनिटर रविवारच्या जुन्या बाजारातून आणला, १७ इंची, १२८० बाय १०२४. हा ५:४ आकार आहे, ४:३ नाही, त्यामुळे माणसं अगदी थोडी बारीक दिसतात, मला चालतं. खोक्याला आधी २० इंची ट्यूब होती तर चारी बाजूंनी फट उरली, तिथे काळा माउंटबोर्ड कापून लावला.

ओएसएससी नावाचं यापेक्षा सरस यंत्र मिळतं, उशीर जवळपास शून्य, पण त्याच्या किमतीत हे असे चार-पाच सेट होतात. सोल्डरिंग येत नसेल तर मात्र तिकडेच जा, कारण डोकं न बदलता हा बोर्ड घेण्यात काही अर्थ नाही.

अर्धा स्टार कापला तो ५५ हर्ट्झवाल्या, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ फ्रेमच्या, गेमांसाठी. आपला मुस्तफा साधारण ५९.६ वर चालतो, मॉनिटर गुमान घेतो. मित्राने मॉर्टल कॉम्बॅटचा बोर्ड आणला, तो ५४.७ चा, जीबीएस इमानदारीत ५४.७ च बाहेर देतो आणि माझा मॉनिटर म्हणतो 'आउट ऑफ रेंज'. वेग जुळवणं बंद केलं की चित्र येतं पण तो धक्का परत. दोन मॉनिटर बदलून बघितले, तेच. कोणाकडे १७ किंवा १९ इंची असा मॉनिटर असेल जो ५५ हर्ट्झ निमूटपणे घेतो, तर मॉडेल नंबर खाली टाका, येत्या रविवारी परत जुन्या बाजारात जातोय.